औंढ्याची रुसलेली पार्वती

औंढा नागनाथच्या देवळात पिंडीचे दर्शन घ्यायचे तर अरुंद पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात जावे लागते. आत ताठ उभे राहायला जागा नाही. वाकायचे, बसायचे, हात टेकवायचा आणि मागच्याला वाट करून द्यायची. बाहेर आले की उन्हाने डोळे दिपतात आणि मग हळूहळू भिंतींवरचे यादवकाळातले कोरीवकाम दिसू लागते. त्यातल्या एका कोपऱ्यातले शंकर-पार्वतीचे शिल्प जाणकार माणसे मुद्दाम दाखवतात. पार्वती रुसली आहे आणि शंकर तिची मनधरणी करतो आहे. पिंड जमिनीच्या पोटात ठेवणाऱ्या त्या जुन्या कारागिरांनी देवाच्या घरातला रुसवा मात्र बाहेरच्या भिंतीवर कोरला, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा.

लग्नसराईत याच आवारात नवी जोडपी येतात. हातात हिरवा चुडा, हळदीचा रंग अजून पुरता उतरलेला नसतो, सोबत दोन्हीकडची वडीलधारी मंडळी. नव्या नवरीला तिथेच, रांगेत उभ्या उभ्या, एक सल्ला मिळतो. "बाई, घरातलं घरात ठेवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची." सांगणारी मावशी असते, आत्या असते, आणि ती मायेने सांगत असते. तिच्याशी भांडण नाही. तिने स्वतः जे काढले तेच ती पुढच्या पिढीला शिदोरी म्हणून देते. भांडण आहे ते या सल्ल्याचा सिद्धांत करून तो संस्कृती म्हणून मिरवणाऱ्यांशी.

तो सिद्धांत मांडवातल्या आशीर्वादाच्या भाषणांत असतो, सोयरिकीच्या बैठकीत असतो, फोनवर रोज सकाळी फिरणाऱ्या सुविचारांत असतो. तो असा: पूर्वी घरे टिकत होती, कारण माणसे एकमेकांचे झाकून नेत होती. आता बाई जरा काही झाले की माहेरी फोन करते, माहेरचे ठाण्यात जातात, वकील येतो आणि घर मोडते. घराची अब्रू चव्हाट्यावर आली की पोरांची लग्ने अडतात. कायदा कोरडा असतो, घर ओलाव्यावर चालते. शेवटी आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून जे झाले ते चार भिंतींत राहावे, त्यातच सगळ्यांचे भले आहे.

या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती आधीच मान्य केली पाहिजे. प्रत्येक घराला आडोसा लागतो. नवराबायकोची कुरबूर, बापाचा आजार, भावाची फसलेली धंद्याची उडी, सासूसुनेची चुलीपुढची तणतण हे सगळे गावाला सांगत सुटायचे नसते. ज्याच्या आयुष्यातली गोष्ट आहे त्यानेच ती सांगायची की नाही हे ठरवावे. प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. ज्या घरात मार खाणारी एक आणि गप्प बसायचे ठरवणारे दुसरेच असतात, लग्न लावले जाणारी एक आणि तिचे वय लपवणारे दुसरेच असतात, कर्ज काढणारा एक आणि ते फेडायला मागे उरणारी दुसरीच असते, तिथे झाकलेली मूठ कुणाची आणि त्या मुठीत गळा कुणाचा, हे विचारावेच लागते. सव्वा लाख ज्याच्या पदरात पडतात त्यानेच म्हण सांगायची आणि किंमत दुसरीने चुकवायची, असा हा व्यवहार आहे.

आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा परंपरेचा. घरातले बाहेर बोलणे ही शहरातून, परदेशातून, टीव्हीतून आलेली सवय आहे म्हणे. हे सांगणाऱ्यांनी आपल्याच मातीतल्या संतांची चरित्रे नीट वाचलेली नाहीत. याच हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. नामदेवांच्या गाथेत त्यांची आई गोणाई आणि बायको राजाई यांची गाऱ्हाणी आहेत. घरात दाणा नाही, संसाराकडे लक्ष नाही, हा माणूस विठ्ठलापाशी बसून राहतो, अशी ती तक्रार. संप्रदायाने ही गाऱ्हाणी गाथेतून गाळली नाहीत. शतकानुशतके ती लिहून घेतली, जपली, कीर्तनात गायली. नामदेवांच्या मोठेपणाला त्याने तसूभर धक्का लागला नाही.

त्याहून थेट साक्ष आहे संत बहिणाबाईंची. सतराव्या शतकात वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेली ही मुलगी, म्हणजे मराठवाड्याचीच लेक. समज येण्याआधीच तिशीच्या बिजवराशी तिचे लग्न झाले. गाव सोडून निघालेले हे कुटुंब पंढरपूर करून कोल्हापुरात आले. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनाला ती वासरासह जाऊन बसू लागली, स्वामींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ही गोष्ट नवऱ्याच्या कानावर गेली. त्याने तिला मारले, बांधून ठेवले. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. हे कुणी चुगलखोराने सांगितलेले नाही. बहिणाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत स्वतःच्या नावाने ते लिहून ठेवले आहे. आपण पुरुषाच्या अधीन देहात जन्मलो याचे दुःखही तिथे आहे. पुढे नवरा आजारी पडला, पश्चात्तापाने वळला, दोघांचा संसार झाला, मुले झाली. वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला तिची समाधी आहे आणि लोक आजही तिथे जातात. नवऱ्याने मारले हे बाईने लिहून ठेवले म्हणून घर मोडते, असे ज्यांना वाटते त्यांनी शिऊरला जाऊन यावे.

उलट लपवण्याचे फळ काय असते, हेही वारकरी परंपरेनेच सांगितले आहे. विठ्ठलपंतांनी आपले लग्न झाले आहे हे गुरूपासून लपवले आणि काशीत संन्यास घेतला. खरे कळल्यावर गुरूने त्यांना परत संसारात पाठवले. लपवले एकट्या विठ्ठलपंतांनी. पण वाळीत पडली त्यांची बायको रुक्मिणीबाई, मुंज नाकारली गेली ती निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान या मुलांची, आणि मुक्ताईला तर मांडे भाजायला खापर मिळू नये अशी व्यवस्था झाली. खापर अडवणारा होता विसोबा चाटी, अशी कथा आहे. पुढे हाच विसोबा बदलला, त्या भावंडांचा शिष्य झाला, आणि औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेला विसोबा खेचर म्हणून नामदेवांचा गुरू झाला. नामदेव त्याच्याकडे आले ते का, हीही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तेरला संतमंडळी जमली असताना गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. मडके बाहेरून गोल, गुळगुळीत आणि रंगाने लाल दिसते. भाजले आहे की नाही ते थापटल्यावरच कळते. गोरोबांनी ते चारचौघांत थापटले. नामदेव आधी रागावले, मग औंढ्याला आले. या गावाचे नाव भक्तिपरंपरेत अजरामर झाले ते झाकलेले उघडे केल्यामुळे. त्याच गावात उभे राहून झाकून ठेवण्याला परंपरा म्हणणे हे परंपरेवर अन्याय करणारे आहे.

परंपरेचा दाखला देणारे एक आणखी विसरतात. पुण्यातल्या अब्रूदार वाड्यांतून काय झाकले जात होते, ते जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली उघड केले. विधवा सून गरोदर राहिली की तिला विहीर दाखवली जाई, किंवा बाळाचा गळा आवळला जाई. गरोदर करणारा बहुधा त्याच घरातला किंवा घरोब्यातला असे, आणि त्याचे नाव कुठेच येत नसे. फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल ठेवायचे की न्यायचे ते तुम्ही ठरवा, अशी जाहिरात भिंतींवर लावली. १८८४ साली जोतीरावांनी लिहून ठेवले की तोवर ३५ विधवा तिथे बाळंतपणासाठी आल्या. पस्तीस जणी, आणि त्या सगळ्या बाहेरून सोज्वळ दिसणाऱ्या घरांतून. तिथेच जन्मलेल्या एका मुलाला या दांपत्याने दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. याच सुमारास शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी सुरतेच्या एका विधवेला बालहत्येसाठी झालेल्या शिक्षेच्या बातमीने पेटून १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. त्यांचा रोख एका प्रश्नावर होता: बाईला शिक्षा झाली, पण त्या पुरुषाचे काय?

दुसरा मुद्दा कायद्याचा. कायदा घरात शिरला की घर मोडते, हा युक्तिवाद नवा नाही. संमतिवयाचा कायदा १८९१ साली आला. त्याने संमतीचे वय दहावरून बारा केले, इतकेच. तेव्हाही हेच म्हटले गेले: सरकारने आमच्या माजघरात येऊ नये. लोकमान्य टिळकांसारख्या मोठ्या माणसानेही त्या कायद्याला विरोध केला. त्याआधी काही वर्षे मुंबईच्या रखमाबाईंनी, अकराव्या वर्षी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, तेव्हा त्यांनाही हेच ऐकावे लागले. १८८७ साली न्यायालयाने सांगितले, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. आज झाकली मूठ सांगणाऱ्यांपैकी एकही जण उभा राहून असे म्हणणार नाही की दहा वर्षांच्या मुलीचे दार तेव्हा बंदच ठेवायला हवे होते. मग त्यांनी आपलाच युक्तिवाद १३० वर्षांनी जसाच्या तसा का वापरावा?

कायद्याविरुद्ध सांगितला जाणारा खोट्या तक्रारींचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. भारतीय दंड विधानात १९८३ साली आलेल्या ४९८-अ कलमाखाली, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे, काही तक्रारींत सासरच्या सगळ्या गोताची नावे घातली गेली, लांबच्या नणंदांना आणि म्हाताऱ्या सासऱ्यांना ठाण्यात बसावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने पोलिसांना बजावले की अशा प्रकरणात सरसकट अटक करायची नाही, अटकेची कारणे लिहून द्यायची. म्हणजे ज्याची भीती घातली जाते त्यावर लगाम घालून दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्याच्यावर खोटा आळ आला त्याला न्याय मिळालाच पाहिजे, आणि तो मिळतो तपासातून, उलटतपासणीतून. सगळ्या बायकांना आधीच गप्प बसवून तो मिळत नाही.

आणि बायका किती बोलतात, याचा हिशेबही पाहावा. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात २९.३ टक्के, तर महाराष्ट्रात २५.२ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणजे आपल्या राज्यात चारांतल्या एका घरात. त्याच सर्वेक्षणात देशभर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्क्यांनी ती कुणालाही सांगितली नव्हती आणि कुणाची मदतही मागितली नव्हती. आईला नाही, बहिणीला नाही, शेजारणीला नाही. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के, आणि त्यांतल्याही बहुतेकींनी आधी माहेरचेच दार वाजवले. बायका चटकन ठाण्यात जातात ही ओरड आणि हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. शंभरातल्या सत्त्याहत्तर जणी त्या मावशीचा सल्ला तंतोतंत पाळत आहेत. सल्ला खरा असता, तर या सत्त्याहत्तर घरांतला मार थांबायला हवा होता.

कायदा घर मोडायलाच बसला आहे असे मानणाऱ्यांनी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही एकदा वाचून पाहावा. ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्यात बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क आहे. मालमत्ता कुणाच्याही नावावर असो, कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला तिथून हाकलता येत नाही. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लावायची आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा, असे त्यात लिहिले आहे. न्यायालये ही मुदत पाळत नाहीत, संरक्षण अधिकाऱ्यांच्या डोक्यावर इतर दहा कामे असतात, हे सगळे खरे आहे आणि त्यासाठी सरकारला धारेवर धरलेच पाहिजे. पण मार थांबावा आणि घर राहावे, हाच त्या कायद्याचा हेतू आहे. 'घर वाचवा' म्हणणाऱ्यांनी खरे तर त्याचे पोस्टर गावोगाव लावायला हवे होते.

तिसरा मुद्दा मराठवाड्यातल्या माणसाला सगळ्यात जवळचा आहे: गावाकडे असले काही नसते, आमची घरे अजून सोन्यासारखी आहेत.

सोन्यासारख्या घरात काय काय लपते, ते पाहू. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते, असे तेच सर्वेक्षण सांगते. ज्या परभणीतून १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्या परभणीत हे प्रमाण तेव्हा ४८ टक्के होते, राज्यात सर्वांत जास्त. हिंगोलीतही तिघींत एकीहून अधिक. ही लग्ने होतात कशी? पत्रिका छापत नाहीत. पाहुण्यांना साखरपुडा म्हणून बोलावतात आणि दुपारच्या आत अक्षता पडतात. शाळेच्या दाखल्यावरची तारीख कुणी विचारत नाही, विचारलीच तर चुकीची नोंदली होती म्हणतात. ऊसतोडीच्या पट्ट्यात तर उचल मिळते ती जोडीला, 'कोयत्या'ला. पोराचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. मग वर्ष-दोन वर्षांत ती मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात येते. तपासणीच्या टेबलावर ती झोपलेली, आई पिशवीतून आधार कार्ड काढते, पुन्हा आत ठेवते, "घरी राहिलं" म्हणते. कारण मुलगी अठराच्या आत असेल तर डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते, पोक्सो कायदा तसे सांगतो, आणि २०१७ पासून नवरा असल्याची सबबही अठराच्या आत चालत नाही. सगळे गाव ज्या लग्नात जेवले ते लग्न आता सगळ्या गावाला लपवायचे असते. आणि या लपवालपवीत मुलीची रक्ततपासणी, लोहाच्या गोळ्या, वेळेवर दवाखाना हे सगळे मागे पडते. अब्रू वाचते आणि अंगातले रक्त जाते ते तिचे.

दुसरे गुपित कर्जाचे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी दहाव्या-तेराव्यानंतर पेटी उघडली जाते, तो क्षण फार कमी लोकांनी पाहिला आहे. वर बँकेचे पासबुक. त्याखाली कृषी सेवा केंद्राची उधारीची बिले, बी-बियाणे, खत, फवारणीची औषधे. त्याखाली सावकाराच्या चिठ्ठ्या, गहाण ठेवलेल्या दागिन्यांची पावती. ते दागिने लॉकरात आहेत असे तिला सांगितलेले असते. बायको एकेक कागद दिराकडे वाचायला देते आणि आपल्या घराचा ताळेबंद तिला तेव्हा पहिल्यांदा कळतो. नवरा वाईट नव्हता. त्याने तिला काळजी नको म्हणून सांगितले नाही, आणि आपली अब्रू जाईल म्हणूनही सांगितले नाही. घरातल्यांना काही बोलायचे नाही, हसून राहायचे, हे त्यालाही कुणीतरी मायेनेच शिकवलेले होते. झाकली मूठ त्याचाही जीव घेऊन गेली, हे या सिद्धांताच्या समर्थकांनी लक्षात घ्यावे. इथे मरणारा पुरुष आहे.

त्या बाईपुढे मग कागदांचा डोंगर उभा राहतो. शासनाची मदत एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. तीही जिल्हा समितीने प्रकरण पात्र ठरवले तर. पात्र ठरायला कर्जाचा पुरावा लागतो, आणि खासगी सावकाराच्या चिठ्ठीला पुरावा कोण मानणार? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ बायकांशी बोलून पाहणी केली, तेव्हा ४० टक्के जणींच्या नावावर शेतजमिनीचा हक्क आलेला नव्हता. ज्या घरासाठी ती सगळे झाकत राहिली त्या घराच्या सातबाऱ्यावर तिचे नावच नव्हते. यावर उपाय मराठवाड्याला ठाऊक नव्हता असेही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम याच भागात गावोगाव नेली होती, नवऱ्याने हयातीतच बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावावे म्हणून. १९९२ साली शासनाने परिपत्रक काढून ती वाट सोपी केली. बायकोचे नाव जमिनीवर असेल तर कर्जाच्या कागदावर तिची सही लागते, आणि सही लागली की तिला कळते. एवढ्या साध्या गोष्टीने किती पेट्यांमधली गुपिते जिवंतपणी उघडली असती.

तिसरे गुपित शरीराचे, त्याबद्दल थोडक्यात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायका आपसात "पिशवी काढली" असे सहज म्हणत होत्या. पाळीचे चार दिवस खाडा पडला की दंड कापला जातो, म्हणून गर्भाशयच काढून टाकलेले. २०१९ मध्ये हे वर्तमानपत्रांत आले, विधिमंडळात गाजले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. घराघरात माहीत असलेली गोष्ट सरकारला कळायला इतकी वर्षे लागली, कारण ती 'बायकांची घरातली गोष्ट' होती. उघड झाली तेव्हाच शस्त्रक्रियेआधी सरकारी डॉक्टरची परवानगी घेण्याचा नियम आला.

उरतो शेवटचा आणि सगळ्यात हळवा मुद्दा: लेकरांसाठी गप्प बसा.

लेकरांचे काय होते, याची देशपातळीवरची पाहणी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केली. १३ राज्यांतल्या, महाराष्ट्रासह, १२,४४७ मुलामुलींशी बोलून ती झाली होती. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. करणाऱ्यांत निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुसंख्य मुलांनी ते कुणालाही सांगितले नव्हते. ज्या घरात आईला सासऱ्याच्या नजरेबद्दल बोलायची चोरी, त्या घरात आठ वर्षांची पोर काकाबद्दल कुणाला सांगणार? तिने रोज हेच पाहिले की बोलणाऱ्याला घरात जागा नसते. लेकरांसाठी गप्प बसलेली आई लेकरांना गप्प बसायला शिकवते, आणि त्याचा फायदा कोण उचलतो ते वरच्या आकड्यांत आहे. हा मुद्दा मांडणाऱ्यांच्या हेतूवर शंका नाही. पण त्यांनी एकदा शाळेतल्या बाईंना विचारावे, की अचानक मुकी झालेली, शाळा सुटल्यावर घरी जायचे टाळणारी मुले त्यांनी पाहिली आहेत का.

घर टिकावे असे कुणाला वाटत नाही? औंढ्याच्या त्या भिंतीवरच्या शिल्पातले घरही टिकलेच आहे. रुसणाऱ्या पार्वतीला तिथे कुणी "लोक काय म्हणतील" म्हणून गप्प केलेले नाही. शंकर तिच्याकडे वळला आहे, समजूत काढतो आहे. घर टिकवायचे काम तिथे त्याच्याकडे आहे. आपल्या सिद्धांताने ते काम सगळेच्या सगळे तिच्याकडे दिले, तेही तोंड बंद ठेवून करायच्या अटीवर.

म्हणून औंढा नागनाथ आणि आसपासच्या गावांकडे काही मागण्या आहेत आणि त्या अगदी साध्या आहेत. सप्ताहात कीर्तनाला उभे राहणाऱ्या महाराजांनी बहिणाबाईंचे चरित्र सांगताना कोल्हापुरातला तो मार गाळू नये. लग्न लावणाऱ्या गुरुजींनी, मांडववाल्याने, बँडवाल्याने आणि मंगल कार्यालयाच्या मालकाने मुलीचा शाळेचा दाखला आधी पाहावा. बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ग्रामसेवक हा आपल्या राज्यात गावाचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला आठवण करून द्यावी. शेतकरी भावांनी या हंगामाच्या कर्जाचा कागद आज संध्याकाळी घरी बायकोपुढे ठेवावा आणि तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर तिचे नाव लावून घ्यावे. आणि रांगेत उभ्या असलेल्या मावशीने, आत्याने नव्या सुनेच्या हातावर हात ठेवून एवढेच म्हणावे, की पोरी, काही झालं तर मला सांग, मी येते.

मुलांसाठी १०९८ आणि बायकांसाठी १८१ हे दोन्ही नंबर चोवीस तास चालतात, फोनला पैसे लागत नाहीत. फोन करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते.